वाघमारेदादांच्या गाडीचा तळ

गाडी बघायला आलेला माणूस खाली कधी बघत नाही. रंग बघतो, दिवे बघतो, दार दोनदा उघडून लावून त्याचा आवाज ऐकतो, स्टिअरिंग धरून मान डोलावतो. आपले पाय कशावर ठेवलेत, हे काही त्याच्या ध्यानात येत नाही. मी चाळीस वर्षं तेवढंच केलं. गाड्यांचे तळ. लातूरला नांदेड नाक्यावर आमचं पत्र्याचं दुकान होतं. पोचे काढणारे आणि रंग मारणारे तिथं बरेच होते. पण जीपचा, टेम्पोचा तळ सडला की लोक सांगायचे, महेबूबकडे जा.

तळ सडतो तो वरून. लोकांना वाटतं चिखलानं, खालून. तसं नाही. ओल्या चपला घेऊन माणसं गाडीत बसतात, पाणी रबरी चटईखाली जातं आणि तिथंच राहतं. चटई कुणी उचलत नाही. एका डाळ मिलवाल्या शेठजींच्या मोटारीची चटई मी उचलली, तर खाली मूग उगवलेले होते. चांगले बोटभर. शेठजी बघतच राहिले आणि म्हणाले, "शेतात न्हाई उगवले यंदा." दुसरी एक बाई औशाहून जीपनं येत होती. तळाला भोक होतं, त्यातून तिची चप्पल रस्त्यावर पडली. तिनं ड्रायव्हरला ती जीप सरळ माझ्या दुकानात आणायला लावली आणि एका पायात चप्पल घालून माझ्या डोक्यावर उभी राहिली. "बुजव आता. मी बघूनच जाणार हाय." बाकीचे अकरा प्रवासी सावलीला बसून राहिले.

पण लिहायला बसलो की मला एकच तळ आठवतो. तो कारखान्यातून आलेल्या गाडीचा नव्हता.

लातूर जिल्हा होऊन थोडेच दिवस झाले होते. नवी हापिसं निघत होती, नव्या पाट्या लागत होत्या. रस्त्याकडेच्या जुन्या लोखंडी पाट्या, ज्यांच्यावर 'जि. उस्मानाबाद' लिहिलेलं होतं, त्या भंगारात आल्या. पत्रा चांगला जाड. मी त्या आणून भिंतीला लावून ठेवल्या. त्याच सुमारास पावसानं पाठ फिरवली ती लागोपाठ. दुष्काळात सगळ्यांचं वाईट होतं, आमचं वेगळ्याच तऱ्हेनं. पाऊस नाही, तर पत्रा सडत नाही. पत्रा सडत नाही, तर महेबूबकडे कोण येतो? पाण्याचे टँकर गळायचे, ते डागायचे, एवढंच काम. बाकी वेळ मी दारात बसून रस्त्याकडे बघत असे. ऊन इतकं असायचं की दुपारी लांबचा रस्ता तळ्यासारखा दिसायचा आणि येणारा माणूस पाण्यातून चालत आल्यासारखा वाटायचा.

तसेच वाघमारेदादा आले. पन्नाशीला टेकलेला, उंच, हाडापेरानं मजबूत माणूस, पायात जाड रबरी तळाचे पट्ट्यांचे जोडे.

"महेबूबभाई तुमीच का?"

"हाव."

"जयभीम. तळ करायचाय."

"गाडी कुठंय?"

"घरी हाय. म्हंजे अजून गाडी झाली न्हाई. तळ झाला म्हंजे व्हईल."

नामदेव वाघमारे हे बांधकाम खात्यात रोलर चालवायचे. रस्ता दाबायचा तो मोठ्या लोखंडी चाकांचा रोलर. त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. कुठल्या तरी विलायती मासिकाचं पान होतं, रद्दीत आलेलं. त्यावर एक गाडी. बुटकी, जमिनीला चिकटलेली, टप नाही, इंजिन उघडं, मागची चाकं मोठी. आता माझा नातू मोबाईलवर असल्या गाड्या दाखवतो आणि म्हणतो, दादाजी, याला हॉट रॉड म्हणतात. जुनी गाडी घरीच कापून-जोडून लोक ती पळवायला बनवतात. तेव्हा आम्हांला नाव माहीत नव्हतं. आम्ही तिला 'उघडी गाडी' म्हणायचो.

"कशाला पायजे ही?" मी विचारलं.

"बावीस वर्षं रोलर चालवून राहिलो," ते म्हणाले. "एकदा रोलर घेऊन या गावावरनं त्या गावाला निघालो. मागनं लग्नाचं वऱ्हाड आलं, बैलगाड्यात, मला वलांडून गेलं. तिकडं लग्न लागलं, जेवणं झाली, नवरी घेऊन माघारी आले, तरी मी वाटंतच. नवरी हसली वो माझ्याकडं बगून." मग कागदावरच्या गाडीवर बोट ठेवून म्हणाले, "मी केलेल्या रस्त्यावरनं समदी पळाली. मीच तेवढा न्हाई पळालो."

"आणि रोलर?"

"उभा हाय. बायामाणसांनी खडी फोडून ढीग लावलेत, पन खडी दाबायला पाणी लागतं. माणसाला न्हाई, रस्त्याला कुठनं?"

दुसऱ्या दिवशी मी सायकलला हत्यारांची पिशवी अडकवून त्यांच्याकडे गेलो. गावाबाहेर बौद्धवस्तीच्या टोकाला त्यांचं घर. मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली लिलावात घेतलेल्या एका सरकारी जीपचा सांगाडा दगडांवर ठेवलेला होता. इंजिन त्यांनी स्वतः खोलून जोडलेलं. कागदोपत्री ती जीपच होती. प्रत्यक्षात सांगाडा कापून, खाली घेऊन त्यांनी तिला इतकी बुटकी केली होती की कोंबडी खालून जाताना मान वाकवायची. त्यांच्या पत्नी, कौसावहिनी, विटकरीच्या तुकड्यानं सांगाड्याचा गंज घासत बसल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. दोघांचं सगळं लक्ष त्या लोखंडावर.

बाहेरच्या माणसाला सांगतो, तळ करतात कसा. पत्र्याला एकदम कात्री लावायची नसते. आधी पुठ्ठा घ्यायचा. खोक्याचा पुठ्ठा सांगाड्यावर अंथरून, कोपरे कापून, गिअरबॉक्सच्या जागी उंचवटा देऊन साचा करायचा. शिंपी अंगावर कापड लावून बघतो तसं. पुठ्ठा बसला की त्यावरून पत्रा आखायचा. मग पत्र्याला नाळी, म्हणजे उठावाच्या लांब पट्ट्या, पाडायच्या. सपाट पत्रा म्हणजे डफ. गाडी चालली की डबडब वाजतो आणि पायाखाली वर-खाली होतो. अंगठ्याएवढ्या रुंद नाळी उठवल्या की त्याला ताठपणा येतो. नाळ पाडायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं. बाभळीच्या ओंडक्यात खाच कोरलेली होती. तिच्यावर पत्रा धरून लाकडी मोगरीनं हळूहळू ठोकायचं. घाई केली तर पत्रा फाटतो. जोडताना सलग डागायचं नाही, एक टाका इथं, एक पार तिकडं, नाहीतर आचेनं पत्रा पोह्याच्या पापडासारखा वळतो.

लिंबाखाली ते वीस दिवस कसे गेले कळलं नाही. काम नसलेल्या वर्षात एवढं निवांत काम मी कधी केलं नाही. वारा नसायचा. मोगरीचा ठोका वस्तीवरून लांब जायचा आणि कोरड्या तळ्याच्या बांधावर आपटून परत यायचा. वहिनी गुळाचा चहा द्यायच्या. पाणी किती जपून वापरायच्या, तरी चहा चुकला नाही. दादा स्टिअरिंग हातात धरून नुसत्या सांगाड्यावर बसायचे, डोळे मिटून. "कुठवर आलो?" असं वहिनी विचारायच्या. "उदगीर गेलं," दादा म्हणायचे.

एका गोष्टीवर आमचं वाजलं. मी त्या पाट्यांचा जाड पत्रा लावणार होतो. दादा ऐकेनात.

"पातळ लावा, महेबूबभाई. जितका पातळ मिळंल तितका. रस्ता पायाला कळला पायजे."

"दादा, धुराड्याचा नळ बरोबर तुमच्या पायाखालून जातो. गाडी बुटकी केली, मधे जागाच नाही. पत्रा तापेल."

"तापू द्या. रोलरवर काय थंडावा असतोय?"

कारागिरानं गिऱ्हाइकाचं किती ऐकावं? माझे अब्बा म्हणायचे, मापात ऐक, कामात ऐकू नको. अब्बा जुने पत्रेवाले. शेगड्या, डबे, धान्याच्या कोठ्या करण्यात त्यांची हयात गेली. त्यांचं मी तेव्हा ऐकलं नाही. दादांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला नाही म्हणवेना. मी पातळ पत्रा लावला. काम सुरेख झालं. नाळी अशा सरळ, की नांगराच्या तासासारख्या दिसाव्यात. रंग द्यायच्या आधी पत्रा नुसता चमकत होता.

पहिल्या दिवशी डावी सीट बसवलेली नव्हती, म्हणून दादा एकटेच निघाले. गाडीत बसण्याआधी त्यांनी ते जाड जोडे काढून बाहेर ठेवले.

"नव्या घरात जोडे घालून जात न्हाईत," ते म्हणाले.

दुपारची वेळ. औशाकडचा रस्ता सुना होता. गाडी निघाली ती आवाज करत, धुरळ्याचा पांढरा पट्टा मागं सोडत, आणि रस्त्यावरच्या त्या खोट्या तळ्यात शिरून दिसेनाशी झाली. वहिनी आणि मी रस्त्याच्या कडेला उभे. बराच वेळ नुसता आवाज येत होता, मग तोही थांबला. मग लांबून परत आला.

दादा आले ते हसत. केस पांढरे झालेले धुळीनं, डोळ्यांत पाणी. "वलांडलं!" ते ओरडले. "एका मोटारसायकलला वलांडलं, महेबूबभाई! एका ट्रकला वलांडलं!" ते बोलतच होते आणि मला वास आला. आधी वाटलं रबर जळतंय. मी खाली वाकलो. त्यांचं उजवं पाऊल तळाच्या पत्र्यावर टेकलेलं होतं आणि पत्र्याला हात लाववत नव्हता.

"दादा, पाय. पाय उचला."

त्यांनी खाली बघितलं. दुसऱ्या कुणाचा पाय गाडीत राहिला असावा तसं बघितलं. पाऊल उचललं तेव्हा तळव्याची कातडी पत्र्याला चिकटून राहिली. ते कण्हले नाहीत. चेहऱ्यावरचं हसूसुद्धा लगेच गेलं नाही, हळूहळू गेलं.

वहिनी धावत घरात गेल्या आणि हंडा घेऊन आल्या. त्या दिवसाचं सगळं पाणी होतं त्यात.

"अगं, प्यायचं हाय ते," दादा म्हणाले.

वहिनींनी ऐकलं नाही. सगळा हंडा पावलावर ओतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाई, आता तुमाला सांगायला पायजे. तेंच्या उजव्या पायाला कळत न्हाई. लगनानंतर चार वर्षांनी तेंना मोठा आजार झाला व्हता. दवाखान्यातनं पूर्ण बरं झालेत. डाक्टरनी लिहून दिलंय. पन पाय तसाच ऱ्हायला."

मोठा आजार म्हणजे काय, हे मराठवाड्यात कुणी फोडून सांगावं लागत नसे. महारोग. ते जोडे दवाखान्याचे होते. नोकरी जाईल म्हणून खात्यात कुणाला सांगितलेलं नव्हतं. आणि पातळ पत्रा त्यांनी का मागितला, तेही मला तिथंच कळलं. पुरेसा पातळ असला, तर काहीतरी आरपार येईल, असं त्यांना वाटलं होतं.

मी डॉक्टरकडे न्यायला रिक्षा आणली. मलमपट्टी होईपर्यंत थांबलो. तिथपर्यंत मी माणसासारखा वागलो. मग घरी आलो आणि जे केलं ते सांगायची लाज वाटते. पिशवी उलटी केली आणि सगळी हत्यारं, हातोडा, मोगरी, कात्री, छिन्नी, राखेनं घासायला लागलो. मूठ न् मूठ. अब्बा बाजेवर पडून बघत होते. आम्ही घरात दखनी बोलतो. त्यांनी विचारलं, "क्या हुआ रे?"

मी सांगितलं.

अब्बा कोपरावर रेलले. मग म्हणाले, "उस के घर का चाय पिया?"

"हव."

"कितने दिन?"

"बीस दिन."

"तो अब पेट में भी राख डाल के घिस ले," अब्बा म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

तरी मी आठ दिवस तिकडे फिरकलो नाही. टँकर डागायचे आहेत, असं स्वतःलाच सांगत होतो. डॉक्टरनं लिहून दिलंय हे मी ऐकलं होतं, माझ्या कानांनी. शहाणपण डोक्यात होतं, भीती हातात होती. नवव्या दिवशी अब्बांनी मला हाक मारली. पुढ्यात त्यांनी केलेली एक जुनी शेगडी ठेवली होती. तिच्या बुडाला दोन पत्रे, मधे बोटभर पोकळी.

"ऊपर निखारे रहते, नीचे लकडी का पाट," अब्बा म्हणाले. "पाट जलता क्या?"

"नहीं."

"कायकू?"

मी उठलो, त्या जुन्या जाड पाट्या सायकलच्या कॅरिअरला बांधल्या आणि गेलो.

दादा लिंबाखाली बाजेवर पाय वर करून पडले होते. गाडीवर गोणपाट टाकलेलं होतं. मला बघून वहिनींनी आत जाऊन चहा ठेवला. मी चहा प्यायलो आणि माझा सगळा सुरेख तळ छिन्नीनं तोडून काढला. चांगलं काम तोडताना हात जड होतो म्हणतात. त्या दिवशी झाला नाही.

दुसरा तळ मी दुहेरी केला. खाली पाटीचा जाड पत्रा, त्यावर बोटभर पोकळी, वर दुसरा पत्रा; पोकळीला पुढून वारा शिरायला तोंड आणि मागून निघायला वाट, म्हणजे गाडी जितकी पळेल तितका तळ गार. धुराड्याचा नळ पायाखालून काढून डाव्या बाजूनं बाहेर घेतला. त्या मासिकातल्या गाडीचाही तसाच होता, तो शोभेला असेल असं आम्हांला वाटलं होतं. उरला सवाल रस्ता कळायचा.

"आता तर दोन पत्रे झाले," दादा म्हणाले. "मला काय कळणार?"

"पायाला कळत नाही ना? मग बसण्याला कळू द्या." मी सीटच्या जागी तळ वीतभर खाली घेतला, आणि स्प्रिंगची सीट काढून नुसत्या काथ्याची पातळ गादी थेट पत्र्यावर बसवली. ॲक्सिलरेटर पायातून काढून रोलरसारखा हातात दिला. ब्रेकचं त्यांनीच सांगितलं, "तळव्याला न्हाई कळत, पन गुडघ्याला कळतंय. तेवीस वर्षं गुडघ्यावरच चाललंय."

पाऊल भरून यायला दोन महिने लागले. मग गाडी बाहेर काढली, या वेळी जोडे घालून. दादा शंभर पावलं गेले, थांबले, परत आले आणि म्हणाले, "नाक्याच्या अलीकडं खड्डा हाय वो. डाव्या अंगाला. मीच बुजवला व्हता गेल्या साली." त्यांना तो कमरेत कळला होता.

मग वहिनी पहिल्यांदा काही मागत्या झाल्या. त्यांचं माहेर देगलूरजवळ. दादांच्या आजाराची कुणकुण लागल्यापासून भावानं, बळीरामनं, बोलावणं बंद केलेलं. अकरा वर्षं त्या गेल्या नव्हत्या. आई थकली होती, तिला दिसत नव्हतं असा निरोप कुणीतरी आणला होता. "त्या गाडीतून जाऊ," त्या म्हणाल्या. "बोलावलं न्हाई तर न्हाई. रस्ता सरकारचा हाय." आणि मला म्हणाल्या, "भाई, तुमी बी चला."

मला मागं सीट नव्हती. मी तळावरच मांडी घालून बसलो. सकाळी निघालो. ज्यांनी दुष्काळातलं माळरान बघितलंय त्यांना सांगायला नको. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगता येत नाही. सगळं एका रंगाचं झालेलं, फिकट, जुन्या फोटोसारखं. झाडं, ढेकळं, गावं, आभाळ. ओढ्यांवर पूल होते आणि पुलाखाली वाळू. कुठं खडी फोडणाऱ्या बाया हात थांबवून आमच्याकडे बघायच्या. मी डोळे मिटले की तळातून रस्ता माझ्या अंगात यायचा. कुठं डांबर, कुठं नुसता मुरूम, कुठं जुना दगड. दादा पुढून ओरडून सांगायचे, "हा तुकडा माझा! हाही माझा!" आणि खरंच, त्या तुकड्यांवर गाडी गाणं म्हटल्यासारखी चालायची. उदगीर मागं पडलं तेव्हा वहिनी हसल्या. मला वाटतं, हा सगळा रस्ता दोघांनी लिंबाखाली आधीच पाहून ठेवलेला होता. मी हात टेकून बघितला, तळ गार होता.

गाडीचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे विसरायला होणार नाही. सात-आठ वर्षं ती चालली. दादा निवृत्त झाल्यावर इंजिन थकलं, मग ती लिंबाखालीच उभी राहिली. दादा झोपेतच गेले. वहिनी पुढं पुतणीकडे राहायला गेल्या.

तर, देगलूर. वस्तीत गाडी शिरली तशी पोरंटोरं मागं लागली. दारात एक म्हातारी बसली होती. आवाज ऐकून तिनं मान वर केली. वहिनी उतरल्या आणि त्यांनी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. म्हातारीनं केस चाचपले, कान चाचपले. "कौसा," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "अल्लुडू कुठंय?" तिकडं जावयाला तेलुगूत अल्लुडू म्हणतात.

"हाय आई, हितंच," दादा म्हणाले.

बळीराम बाहेर आला. चाळिशीचा, शाळेत शिपाई होता. त्यानं बहिणीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, दादांच्या जोड्यांकडे बघितलं. बसा म्हणाला. आम्ही पडवीत शहाबादी फरशीवर बसलो. पाणी आणलं. मला आणि वहिनींना स्टीलचे पेले. मग आत जाऊन त्यानं दादांसमोर दुसरा एक पेला आणून ठेवला. ॲल्युमिनियमचा, चेपलेला, वापरात नसलेला. मी पत्र्याचा माणूस, मला तो फरशीवर टेकतानाच ऐकू आला. म्हातारीलाही आला.

"त्यो पेला कुनाम्होरं ठिवलास?"

बळीराम आत जायला वळला.

"बळ्या, तुला इचारलं."

"आई, तेंना येगळा असलेला बरा. पोरंबाळं हायेत घरात."

म्हातारीनं आवाज चढवला नाही. "तुझा बाप हिरीवर वंजळ धरून बसायचा," ती म्हणाली. "वरनं वतत व्हते त्येच्या हातावर, शिवायचं न्हाई म्हनून. तू कडंवर व्हतास माज्या. इसरलास का रं?"

तिनं हात पुढं करून तो पेला चाचपडत उचलला आणि घटाघटा पाणी प्यायली. पुन्हा भरून घेतला आणि जावयाच्या दिशेनं धरला. "घे, अल्लुडू." दादांनी दोन्ही हातांनी घेतला. ते प्यायले. त्यांनी पेला खाली ठेवला, तेव्हा मी हात पुढं केला.

"मला पण द्या. ह्याच पेल्यातून."

दादांनी माझ्याकडे बघितलं. वहिनींनी भरून दिला. पाणी खारं होतं, दुष्काळातल्या बोअरचं. मी सगळं प्यायलो.

बळीराम काही प्यायला नाही. तो उठून बाहेर गेला. आम्ही जेवलो, तरी तो आला नाही. निघायची वेळ झाली तेव्हा बघितलं, तर तो गाडीभोवती फिरत होता. एका मागच्या चाकाला हात लावून त्यानं विचारलं, "किती पळती?"

"बस," दादा म्हणाले. "दावतो."

तो अवघडून बसला. पाय तळाला लागू नयेत असे उचलून धरले होते त्यानं. गाडी निघाली. पहिल्याच वळणावर त्याला पाय टेकवावे लागले, हे मी लांबून बघितलं.

पडवीत वहिनी आणि मी उरलो. मी म्हणालो, "वहिनी, एक सांगायचंय. त्या दिवशी घरी जाऊन मी हत्यारं राखेनं घासली होती."

"ठाव हाय," त्या म्हणाल्या. "तुमी माघारी आला तवा हातोड्याच्या मुठीला राख लागलेली व्हती. धुवून काढली मी." आणि आईच्या डोक्याला तेल लावायला बसल्या.

गाडीचा आवाज लांब गेला, वस्तीच्या पलीकडे, कोरड्या ओढ्याच्या अंगाला, मग फिरून जवळ आला. धुरळ्यातून गाडी दारात येऊन थांबली. दादा उतरले. बळीराम उतरेना. त्याचे केस पांढरे झाले होते आणि तो समोर रस्त्याकडेच बघत होता.

"दाजी," तो म्हणाला, "अजून एक चक्कर मारू."